आमचं आत कोणी नाही

संपादकांचा निरोप आला, जंगलातल्या नोकरीवर लिहा आणि बिबट्याचे किस्से भरपूर घाला. आता बिबट्याचं म्हणाल तर सगळ्या चाकरीत तो मला बोटांवर मोजण्याइतक्याच वेळा दिसला, आणि त्यातही निम्म्या वेळा नुसती शेपटी. मी त्याला किती वेळा दिसलो ते त्यालाच विचारावं लागेल. तेव्हा बिबट्या राहू दे बाजूला. मी सांगतो ते जंगल बंद कसं करतात त्याबद्दल. दुकान बंद करायचं तर फळ्या लावल्या, कुलूप घातलं, चालले घरी. जंगलाला फळ्या नाहीत आणि कुलूपही नाही. तरी आम्ही ते दर वर्षी बंद करायचो, आणि नीट बंद करायचो.

बोरिवलीच्या जंगलात, तुळशी तलावाच्याही पलीकडे, मुलुंडच्या बाजूच्या डोंगराखाली उंबरपाणी नावाची जागा होती. नकाशात शोधू नका, ते आमच्या लोकांनी ठेवलेलं नाव. एक नाला, त्याच्या काठी मोठं उंबराचं झाड, एक विहीर आणि थोडं सपाट मैदान. साठ-सत्तरच्या दशकांत तिथे वनखात्याची, हौशी लोकांसाठी छावणी असायची. दसरा झाला की तंबू लागायचे आणि मे संपता संपता उठायचे. मी तिथला रखवालदार. अंतोन माझं नाव. बोरिवलीच्याच एका जुन्या गावठाणातला मी, घरची भातशेती, रविवारी चर्च. आमच्या आईला वाटायचं पोरगा बँकेत चिकटेल. पोरगा चिकटला जंगलात, आणि गोचिड्या चिकटल्या पोराला.

तंबूत राहायला येणारी माणसं म्हणजे एकेक नमुना असायचा. घाटकोपरचे एक शेठ यायचे, ते सोबत गादी, पाटा-वरवंटा आणि स्वयंपाकाला महाराज घेऊन. पहिल्याच सकाळी मला बोलावून म्हणाले, "भाई, रात को ये जो किर्र-किर्र होता है, वो बंद करवा दो ना." मी म्हटलं, शेठ, ते रातकिडे आहेत, माझं ऐकत नाहीत. खारदांड्याचं एक नवीन लग्न झालेलं कोळी जोडपं आलं, ते सोबत टोपलीभर सुके बोंबील घेऊन. बोंबील भाजायला घेतले तसे आसपासचे सगळे कोल्हे पाहुणे म्हणून हजर. नवरी घाबरायच्या ऐवजी कोल्ह्यांना दरडावून म्हणाली, "आधी रांगेन बसा, मेल्यांनो." अंधेरीची कॉलेजची पोरं गिटार आणायची आणि चहात मीठ घालून पिऊन जायची, कारण डबे ओळखायची अक्कल नसायची. या सगळ्यांना जंगलात आणणं सोपं होतं. बाहेर काढणं, तेही वेळेवर, हेच खरं काम.

बंद का करायचं, हे पुष्कळांना कळत नाही. पाऊस सुरू झाला की नाला फुगतो, मग उंबरपाणीला जायला वाट नाही आणि यायलाही नाही. साप बिळातून वर येतात. जनावरांची पिल्लं लहान असतात. आणि आठ महिने माणसांच्या पायांखाली रगडलेल्या जमिनीला जरा अंग टाकायला वेळ द्यावा लागतो की नाही? म्हणून मेच्या शेवटी आम्ही लागायचो कामाला. तंबूंचं कापड कडकडीत उन्हात वाळवायचं, कडुलिंबाच्या धुरावर धरायचं, मगच घडी. जरा ओल राहिली तर दसऱ्याला उघडल्यावर मेलेल्या घुशीचा वास. संडासाचे खड्डे चुना टाकून बुजवायचे. विहिरीवर फळ्या. मचाणाची शिडी काढून घ्यायची, नाहीतर पावसात कोणीतरी शहाणा वर चढतो आणि कुजक्या दोरासकट खाली येतो. चुलींचे दगडसुद्धा विस्कटून टाकायचे. शेवटी वाटेवर काटेरी फांद्या बांधून केलेली झाप आडवी ओढायची.

पण एवढ्याने जंगल बंद होत नसे. वाटेवर, झापेच्या अलीकडे, वाघोबाचं ठाणं होतं. लाकडाची एक उभी फळी, तिच्यावर वाघ, सूर्य, चंद्र कोरलेले, वर शेंदूर. तिथल्या पाड्यांवरचे वारली त्याला मानायचे. आमच्याबरोबर जान्या नावाचा म्हातारा वारली कामाला होता, त्याच्या आजाच्या आजापासूनची रीत अशी, की माणसं जंगलातून बाहेर पडली की वाघोबापुढे नारळ फोडायचा आणि त्याला तोंडाने सांगायचं, "जंगल आता तुझं. आमचं आत कोणी नाही." एवढं सांगितलं की जंगल त्याच्या ताब्यात. मग दसऱ्यापर्यंत कोणी पाऊल टाकायचं नाही. आणि हे वाक्य खरंच असायला हवं. खोटं निघालं तर आत राहिलेल्या माणसाची जबाबदारी वाघोबावर नाही. जान्या साहेबापासून शिपायापर्यंत सगळ्यांना अरेतुरे करायचा, पण वाघोबाशी बोलताना आवाज उतरायचा त्याचा.

आता गंमत अशी, की नारळ फोडायचा कोणी? जान्या म्हणायचा, छावणी तुमची, माणसं तुमची, तर सांगायचं तुम्हीच. आणि आम्ही कोण? मी ख्रिस्ती, आणि माझा जोडीदार जनार्दन साळवे, तो बौद्ध. साळवे जालन्याकडचा. नागपूरला जाऊन दीक्षा घेतलेल्या बापाचा मुलगा. देव मानायचा नाही, नवस नाही, अंगारा नाही, आणि हे सगळं तो चेष्टेत नाही, मनापासून पाळायचा. पहिल्याच वर्षी त्याने हात वर केले. "अंतोन, नारळ मी फोडणार नाही. पण 'आमचं आत कोणी नाही' हे बोलायला माझी हरकत नाही. ते काही देवाचं नाही, ते खरं-खोट्याचं आहे."

तेव्हा वाटणी ठरली. नारळ मी फोडणार, वाक्य साळवे बोलणार, खोबरं जान्या खाणार. मी घाबरत घाबरत आमच्या पाद्रीबाबांना सांगितलं. त्यांनी विचारलं, "तू त्या फळीची प्रार्थना केलीस?" मी म्हटलं नाही, नुसता फोडला. ते म्हणाले, "मग पुढच्या वर्षी अर्धा नारळ इकडे आण, कालवणाला लागतो." झाली माझी सोय.

साळवेला मात्र ही वाटणी महागात पडली. मी फोडून मोकळा व्हायचो. तो बोलणार म्हणून त्याला आधी खात्री करावी लागायची. सगळ्या तंबूंच्या जागा, विहीर, मचाण, नाल्याचे डोह, डोंगरावर जाणारी पायवाट, सगळं स्वतः फिरून बघायचा. मी सावलीत बसून ओरडायचो, "अरे ए साळव्या, कोणी नाहीये रे, चल ना!" तो लांबून हात करायचा आणि आणखी लांब जायचा. असा चिवट माणूस मी दुसरा पाहिला नाही. कामाला वाघ आणि बोलायला दगड.

हा साळवे हंगामी होता. म्हणजे छावणी चालू तोवर रोजंदारी, छावणी बंद की घरी. घर कुठलं, तर घाटकोपरच्या डोंगरउतारावरची झोपडी. पावसाळ्यात काम नाही आणि त्याच पावसात डोक्यावरचा पत्रा उडायचा. बायको सुमनवहिनी, दोन मुली. मुलींची पुस्तकं पेटाऱ्यात ठेवून पेटाऱ्यावर वहिनी बसायच्या, कारण तेवढीच जागा कोरडी. साळवे कायम झाला असता तर जंगलाच्या कडेला दगडी खोली मिळाली असती. त्या खोलीच्या खिडक्या कोणत्या दिशेला आहेत ते वहिनींनी मला किती वेळा तरी विचारलं असेल.

आणि एका वर्षी तो योग जुळून आला. आमचे साहेब चांगले होते, साळवेवर त्यांचा जीव होता. पण वरून हुकूम कडक. आदल्या साली दुसऱ्या कुठल्याशा छावणीत बंद करताना एक स्वयंपाकी दारू पिऊन झोपलेला आतच राहिला होता, त्यावरून बोंबाबोंब झाली होती. साहेबांनी साळवेला समोर उभं करून सांगितलं, "ही छावणी तुझ्या हाताने बंद होऊ दे. आत कोणी राहिलं नाही असा माझा अहवाल गेला, की तुझा कायमचा कागद मी सही करून आणतो. माणूस राहिला तर मात्र मी काही करू शकत नाही." साळवे नुसता मान हलवून बाहेर आला. मीच त्या दिवशी दोन कप चहा जास्त प्यायलो.

आता प्रधानबाईंचं सांगायला हवं. मुलुंडच्या एका शाळेतून मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झालेल्या. लग्न केलेलं नाही, धाकट्या भावाकडे राहायच्या. दर वर्षी मेच्या शेवटच्या आठवड्यात एकट्या यायच्या, सगळी गर्दी ओसरल्यावर. सोबत अंथरुणाचा एक पट्टेवाला होल्डॉल, एक स्टोव्ह, एक काळी छत्री. बंदूक नाही, कॅमेरा नाही. नुसतं बसून पक्षी ऐकायच्या, आणि शीळ घालून त्यांना उत्तरं द्यायच्या. पावशाची 'पेरते व्हा' अशी हुबेहूब घालायच्या की झाडावरचा पावशा गोंधळून गप्प व्हायचा. बाकी बोलणं छडीसारखं. मी एकदा त्यांच्यासमोर विडी पेटवली, तर म्हणाल्या, "अंतोन, कान धरा." मी धरले. चाळिशीचा माणूस, पण धरले.

बाई कधी बोरिवलीच्या वाटेने परत जायच्या नाहीत. डोंगर चढून पलीकडे मुलुंडला उतरायच्या, ती त्यांची हौस. साळवे दर वर्षी त्यांना माथ्यापर्यंत सोडून यायचा, त्या पलीकडे उतरू लागल्या की मागे फिरायचा. त्या वर्षीही निघाला. पण अर्ध्या चढावर बाई थांबल्या आणि म्हणाल्या, "अहो साळवे, मी काय शाळेतली पोरगी आहे का हात धरून न्यायला? अंगावर ढग आलेत. तुमचं सामान भिजेल. फिरा मागे, मी गेले म्हणून समजा." साळवे घुटमळला. बाईंनी भुवई वर केली. तो फिरला.

मास्तरीणबाईंचा शब्द. त्याच्यावर विश्वास ठेवायचा नाही तर कोणाच्या शब्दावर ठेवायचा? बाकी सगळीकडे तो नेहमीसारखा फिरला, मग आम्ही झाप ओढली, मी नारळ फोडला, आणि साळवेने वाघोबासमोर उभं राहून सांगितलं, "जंगल आता तुझं. आमचं आत कोणी नाही." जान्याने खोबरं खाल्लं. संध्याकाळी पाऊस लागला तो थांबेचना. आम्ही खुशीत, की बघा, वेळेवर बंद केलं.

दुसऱ्या दिवशी उजाडताच आमच्या चौकीच्या फाटकावर प्रधानबाईंचे भाऊ. धोतर गुडघ्यापर्यंत चिखलाने भरलेलं. "ताई कुठे आहे? रात्री घरी आली नाही."

साळवेच्या तोंडावरचं रक्तच उतरलं. मी म्हटलं, वाट लागली. बाईंची लागली की साळवेची लागली, ते मला त्या क्षणी वेगळं करता आलं नाही. साहेब तपासणीला दुपारनंतर येणार होते. भाऊ बिचारे चांगले, म्हणाले, "मला बोभाटा नको, मला ताई हवी." मी साळवेला बाजूला घेतलं. "हे बघ, आपण दोघं जाऊ, बाईंना काढू, साहेब यायच्या आत परत. कोणाला कळायचं कारण नाही. कळलं का?"  त्याने दोर घेतला, कोयता घेतला, आणि निघाला.

जान्या ठाण्यापाशी बसला होता. झाप बाजूला करायला लागलो तसा उठला. "कं करतंस? नारळ झाला ना? आता तं त्याचं हाय."

साळवे म्हणाला, "जान्याबाबा, बाई आत आहेत."

"मंग तू खोटा बोललास त्याला."

"हो. म्हणून तर चाललोय. बाई बाहेर आल्या की वाक्य खरं होईल."

जान्याने डोकं हलवलं. "मी नाय येनार. तुमाला काय झाला तं घरी सांगाया जाईन."

एवढा दिलासा घेऊन आम्ही आत शिरलो. खरं सांगतो, भीती वाटत होती. रोजची वाट, पण एका रात्रीत परकी झाल्यासारखी. नाला कमरेपर्यंत आला होता, तो कसाबसा ओलांडला आणि डोंगराला लागलो. ओरडून ओरडून घसा बसला. पावसात आवाज दोन झाडांपलीकडे जात नव्हता. मी तोंडाने साळवेला शिव्या घालत होतो आणि मनात मारियामातेला हाका मारत होतो.

मग पावशा ओरडला. 'पेरते व्हा, पेरते व्हा.' मी म्हटलं, बघ, याला काय पडलंय. साळवे जागीच उभा राहिला. "अंतोन, एवढ्या पावसात हा झाडावर बसून ओरडेल का? आणि जमिनीवरून?"

वाटेपासून खाली, करवंदीच्या जाळीमागे एक घळ होती. खडकाखाली बाई बसलेल्या. घळीच्या तोंडाशी छत्री उघडून आडवी लावलेली, रात्री जनावर येऊ नये म्हणून. घोटा सुजून भोपळा झालेला. कुठला तरी नवा पक्षी ऐकू आला म्हणून वाट सोडून चार पावलं उतरल्या, आणि घसरल्या. हाका मारून आवाज गेला, म्हणून रात्रभर शीळ. आम्हाला बघून पहिला प्रश्न काय, तर "साळवे, नारळ फोडलात का?"

साळवे खाली मान घालून म्हणाला, "फोडला, बाई."

"आणि वाक्य?"

"बोललो."

बाईंनी डोळे मिटून घेतले. मग एकदम हेडमास्तरीण झाल्या. "चुकी माझी आहे. मी कोणाजवळ चकार शब्द काढणार नाही, आणि तुम्हीही काढायचा नाही. कळलं?"

न्यायचं कसं? तंबूंचं कापड सगळं बाहेर गेलेलं. शेवटी त्यांचाच होल्डॉल पसरला, बाईंना त्यात बसवलं, पट्टे आवळले, बांबू घातला आणि घेतलं खांद्यावर. बाई कण्हत होत्या आणि मधेच बजावत होत्या, "सामानासारखी नेताय मला. निदान दगडावर आपटू नका." मला हसू फुटलं. त्या भीतीतही फुटलं, आणि मग बाईंनाही.

नाला मात्र हसण्यासारखा उरला नव्हता. पाणी छातीला, लाल आणि धावतं. आम्ही अलीकडे उभे. एकट्या माणसाला जमलं असतं, बांबूसकट अशक्य. आणि बघतो तर समोरच्या काठावर जान्या, हातात दोर. टाकला त्याने आमच्याकडे, आम्ही झाडाला बांधला, साळवेने बाईंना होल्डॉलच्या पट्ट्यांनी पाठीशी बांधून घेतलं आणि दोर धरून पाण्यात उतरला. मधेच त्याचा पाय सुटला. बाईंचं डोकं दिसेना झालं आणि मी किंचाळलो. जान्या दोर ताणून धरून राहिला आणि दोघं गाळासकट काठावर आले. मी मागून गेल्यावर जान्याला मिठी मारली. म्हटलं, "तू तर आत येणार नव्हतास ना?"

जान्या म्हणाला, "मी कुठं आत आलो? मी नाल्याच्या अल्याड हाय."

भावाने टॅक्सी आणली होती. बाई गेल्या. आम्ही अंग पुसलं, कोरडे कपडे घातले, झाप परत ओढली. मी साळवेच्या पाठीवर थाप मारली, "झालास कायम." साळवे चौकीच्या बाकावर बसून आपल्या हातांकडे बघत होता.

साहेब आले. पत्र्याच्या चौकीवर पाऊस ताशासारखा वाजत होता. चहा झाला, मग त्यांनी सहज विचारलं, "काय साळवे, सगळं नीट? बंद केलं तेव्हा आत कोणी राहिलं नव्हतं ना?"

साळवे उठून उभा राहिला. "राहिलं होतं, साहेब. प्रधानबाई. रात्रभर होत्या. सकाळी काढलं."

मी कपाळावर हात मारला. साहेबांनी एकदा माझ्याकडे पाहिलं, मग वर पत्र्याकडे. हळूच म्हणाले, "पत्र्याचा आवाज फार आहे. मला ऐकू नाही आलं. परत विचारतो. आत कोणी राहिलं होतं का?"

देवासारखा माणूस. मी बसल्या जागेवरून साळवेला लाथ मारली. जान्यासुद्धा कोपऱ्यातून त्याला नाही-नाही अशी मान हलवत होता.

"राहिलं होतं, साहेब," साळवे मोठ्याने म्हणाला. "प्रधानबाई."

साहेबांनी टोपी काढली, रुमालाने डोकं पुसलं, टोपी घातली. "वय झालं रे माझं. कानात दडे बसलेत. शेवटचं विचारतो हं, साळवे. नीट विचार करून सांग."

साळवे दोन पावलं पुढे गेला, साहेबांच्या कानाशी वाकला, आणि शाळेत कविता म्हणतात तसा ओरडून बोलला, "साहेब, प्रधानबाई आत राहिल्या होत्या!"

आता हे नाल्यापलीकडेही ऐकू गेलं असेल. साहेबांनी चहाचा रिकामा कप बाकावर ठेवला. मग म्हणाले, "का रे बोललास?"

"साहेब, त्या ठाण्यावर मी सांगितलं, आमचं आत कोणी नाही. ते खोटं निघालं. आता अंतोन असता तर पाद्रीबाबांकडे गेला असता. जान्याबाबा असता तर वाघोबाला कोंबडं देऊन मोकळा झाला असता. मी कोणाकडे जाऊ? मी तर कोणाला मानत नाही. मग तुम्हालाच सांगायला हवं ना?"

साहेबांनी अहवालात प्रधानबाईंचं नाव लिहिलं.  कागद सही झाला नाही. त्या वर्षी नाही आणि पुढे कधीच नाही.

मी आठवडाभर त्याच्याशी बोललो नाही. मग राहवेना म्हणून घाटकोपरच्या डोंगरावर गेलो. वहिनी पेटाऱ्यावर बसलेल्या, वरून ठिबकतंय. साळवे पत्रा बांधायला वर चढलेला. मी म्हटलं, वहिनी, एक शब्द गिळला असता तर काय बिघडलं असतं? वहिनी म्हणाल्या, "भाऊजी, मी दोन दिवस चूल पेटवली नाही रागाने. मग धाकटी म्हणाली, बाबा खोटं बोलले असते तर आपण त्या खोलीत रोज खोटंच राहिलो असतो का? आता या कार्टीला काय उत्तर देऊ?" आणि त्या रडायला लागल्या. मीही रडलो, त्यात लाजायचं काय. वरून साळवे विचारतो, "अंतोन, आलाच आहेस तर ते दोराचं टोक धर जरा." धरलं.

प्रधानबाई लंगडत लंगडत आमच्या साहेबांकडे आल्या, भांडल्या, त्यांच्याही वरच्या साहेबांकडे गेल्या, तिथेही भांडल्या. काही झालं नाही. शेवटी त्यांनी मुलुंडला आपल्या जुन्या शाळेत साळवेला शिपाई म्हणून लावलं. शाळेमागे पक्की खोली मिळाली. मुली तिथेच शिकल्या. वाईट काही झालं असं नाही. पण मी त्याला शाळेत भेटायला जायचो तेव्हा तो घंटेपाशी उभा असायचा आणि डोंगराकडे बघत असायचा. जंगल त्याला फार आवडायचं हो. हे मी त्याला छावणीत असताना कधी विचारलंच नव्हतं.

दसऱ्याला छावणी उघडली, साळवेच्या जागी नवा माणूस आला. चुणचुणीत पोरगा, कायम होऊनच आलेला. मे आला, तंबू वाळवले, खड्डे बुजवले, सगळं झकास. मी नारळ फोडला. नव्या माणसाने जागेवर उभं राहून एका दमात म्हटलं, "जंगल आता तुझं आमचं आत कोणी नाही." आणि हात झटकले.

जान्याने खोबऱ्याला हात लावला नाही.

"काय झालं?" मी विचारलं.

"ह्यानं बगितला कुटं? ह्याचं वाघोबा नाय ऐकत. साळव्याला बोलाव."

"अरे, साळवे आता आपल्याकडे नाही."

"मंग बंद नाय झाला." आणि तो वाटेवर बसला. पाड्यावरचे बाकीचे वारलीही त्याच्या मागे येऊन बसले. सामान उचलायला एक हात पुढे येईना. साहेबांना निरोप गेला, साहेबांनी डोकं खाजवलं, आणि मी मुलुंडला जाऊन, शाळेतून अर्ध्या दिवसाची रजा काढून साळवेला घेऊन आलो. ज्या खात्याने त्याला कायम केलं नाही, त्या खात्याचं जंगल त्याच्याशिवाय बंद होईना.

तेव्हापासून दर वर्षी असंच. शाळेत काम असो नसो, मेच्या शेवटी साळवे यायचा. पगार नाही, भत्ता नाही, दुपारची भाकर माझ्याकडची. आमचे जुने साहेब निवृत्त झाले, नवे आले, कडक इस्त्रीचे. त्यांना हा प्रकार ठाऊक नव्हता. झापेपाशी जीप चालू ठेवून उभे. आभाळ भरून आलेलं. साळवे आत फिरायला गेला होता. केस पांढरे झालेले, चाल तीच.

नवे साहेब घड्याळ बघत म्हणाले, "हा माणूस आपल्या खात्यात आहे का?"

मी म्हटलं, "नाही, साहेब."

"मग आपण याच्यासाठी थांबलोय कशाला?"

मी सांगायला तोंड उघडलं तेवढ्यात साळवे आला. घामाने निथळलेला. मी नारळ उचलला. तो म्हणाला, "थांब, अंतोन. डोहाकडे एक चप्पल दिसली. जुनीच असणार, माणूस नसेल. पण एकदा जाऊन बघून येतो."

आणि तो परत आत गेला. साहेबांनी माझ्याकडे पाहिलं, जान्याकडे पाहिलं. जान्या म्हणाला, "बस रे खाली. त्याला येळ लागंल."

साहेबांनी जीप बंद करायला सांगितली आणि खाली बसले.